फोर्ट पिअर्सची मार्क फाइव्ह

ऑर्लँडोला लेकीकडे आलेल्या माणसाला मिकी माऊस दाखवल्याशिवाय कोणी सोडत नाही. तो सोपस्कार उरकल्यावर मी जावयाला म्हटलं, आता माझ्या आवडीचं काहीतरी दाखव. मग आम्ही गाडी काढून अटलांटिकच्या काठावरचं फोर्ट पिअर्स गाठलं, दोनेक तासांत.

समुद्रातले अडथळे सुरुंगाने उडवणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या तुकड्या १९४३ पासून याच किनाऱ्यावर तयार झाल्या. आज इथे त्यांच्या वारसांचं, म्हणजे नेव्ही सील्स या नौदलाच्या कमांडोंचं, संग्रहालय आहे. आतली शस्त्रं, गणवेश आम्ही भराभर पाहिले, कारण माझा सगळा जीव बाहेर अंगणातल्या मार्क फाइव्ह या सील्सच्या वेगवान बोटीवर होता.

बोट ८२ फूट लांब, सगळी अ‍ॅल्युमिनियमची. मागे जाऊन वाकून पाहिलं, तर पंखेच नाहीत! दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीची, पाणी ओढून मागे जोरात फेकतात. त्यावर ही पन्नास नॉटच्या घरात, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरने पळायची. मागचा भाग उतरता ठेवलाय, तिथून रबरी होड्या थेट पाण्यात सोडता येत. चालवणारे पाच जण, वर सोळा सील कमांडो. गरज पडली की ट्रेलरसकट सी-५ या अवाढव्य मालवाहू विमानात घालून जगात कुठेही न्यायची.

१९९५ पासून अशा वीस बोटी नौदलात आल्या. २००३ च्या मार्चमध्ये इराकचे समुद्रातले तेलाचे धक्के ताब्यात घ्यायच्या मोहिमेत त्या होत्या. धक्के उडवले गेले असते तर आखातभर तेल पसरलं असतं.

पण मला खरा रस होता तो आतल्या माणसांच्या पाठीत. या वेगाने लाट ओलांडताना बोट हवेत जाते आणि आपटते, पुन्हा जाते, पुन्हा आपटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला थोडी कल्पना येईल. फक्त हे रात्रभर, अंधारात, अंगावर शस्त्रं बांधून. मणके, गुडघे, माना कायमच्या दुखावल्या. धक्के शोषणाऱ्या खुर्च्या बसवल्या, त्याही पुरल्या नाहीत. शेवटी अमेरिकेच्या मेन राज्यात कार्बन फायबरची एक प्रायोगिक बोट बांधली, २००८ मध्ये ती नौदलाला मिळाली, आणि गाडं तिथेच थांबलं. २०१३ च्या सुमारास मार्क फाइव्ह निवृत्त झाल्या. शत्रूपेक्षा स्वतःच्याच लोकांना जास्त जायबंदी करणारी बोट अठरा वर्षं चालवली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

"बाबा, आत चला, ऊन लागेल," जावई दोनदा म्हणून गेला. त्याला मर्स्क अलाबामा जहाजाची लाइफबोट पाहायची होती. २००९ मध्ये सोमाली चाच्यांनी कॅप्टनला हिच्यातच ओलीस धरलं होतं. त्या प्रसंगावरच्या सिनेमामुळे सगळी गर्दी तिच्याभोवती. तुम्ही गेलात तर बाहेरच्या बोटी सकाळीच उरका. फ्लोरिडातल्या दुपारी त्या अ‍ॅल्युमिनियमला हात लावायची सोय नाही.