जांभळ्याचं तपकिरी होताना: माझा एमएस्सी प्रोजेक्ट

सी-६० म्हणजे फुलरीन, कार्बनचा चेंडूच्या आकाराचा रेणू. तो टोल्युइन या द्रावकात विरघळवला की सुंदर जांभळा रंग येतो. तोच एनएमपी (एन-मिथाइल-पायरोलिडोन) या द्रावकात टाकला तर सुरुवातीला रंग जांभळटच असतो, पण पुढच्या काही दिवसांत द्रावण तपकिरी होत जातं. शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला असताना प्रोजेक्टसाठी मी हेच निवडलं.

या रेणूत ६० कार्बन अणू असतात आणि त्याचा व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला एक मिलिलिटर टोल्युइनमध्ये तो सुमारे २.८ मिलिग्रॅम विरघळतो, एनएमपीत एक मिलिग्रॅमही नाही. एनएमपी ध्रुवीय आहे. त्यात हे रेणू व्हॅन डर वाल्स बलांनी, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने, एकमेकांना धरतात आणि गुठळ्या काही शे नॅनोमीटरपर्यंत वाढतात. पण एनएमपीचे रेणू सी-६० शी सैलसर जोडले जाऊन कॉम्प्लेक्सही बनवतात, आणि त्यानेही रंग बदलतो. म्हणून द्रावण तपकिरी झालं म्हणजे गुठळ्या झाल्याच, असं म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयातली खरी गोम हीच.

त्यामुळे एकाच व्हायलमधलं (छोट्या बाटलीतलं) द्रावण एकाच दिवशी दोन यंत्रांवर मोजायचं ठरलं. यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ३३० नॅनोमीटरजवळचं शिखर हळूहळू सपाट होताना दिसतं. कणांच्या आकारासाठी डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं यंत्र. पण डीएलएसचे आकडे जपून वाचावे लागतात. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे मोजक्या मोठ्या गुठळ्या बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी नुसतं एनएमपी मोज, मग पुढचं बोलू." धुळीचे कण काढायला फिल्टर हवा, पण तो आधी द्रावकाला लावायचा. तयार द्रावण गाळलं तर ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या गुठळ्याच फिल्टरवर अडकतील. एनएमपी त्वचेतून शरीरात जातं, हातमोजे हवेतच.

जुलैतल्या कोल्हापूरच्या पावसात मात्र वेगळीच काळजी लागली. एनएमपी हवेतली ओल ओढून घेतं. पाण्याने गुठळ्या वाढतील असं वाटतं, पण जुन्या तपकिरी द्रावणात पाणी मिसळलं की मोठ्या गुठळ्या फुटून लहान होतात, हे प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदलेलं आहे. म्हणजे झाकण सैल राहिलं तर आकडे कुठल्या बाजूला झुकतील याचा भरवसा नाही. मग प्रत्येक व्हायलला पॅराफिल्मची मेणचट पट्टी, उजेड लागू नये म्हणून फॉइल, आणि सगळ्या डेसिकेटर या ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न या ओलीवरच विचारले, आणि उत्तरं देताना मला मनापासून आनंद झाला.