आईची चिठ्ठी खिशात होती

आज आईला घेऊन नॅशविलला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, बघून आले. हाऊसच्या गॅलरीत बसलो आणि मी तिला हॅरी बर्नची गोष्ट सांगायला घेतली. १८ ऑगस्ट १९२०, बायकांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती पास व्हायला ३६ राज्यांची मंजुरी लागत होती, ३५ झालेली, छत्तिसावं टेनेसी, आणि हा २४ वर्षांचा सगळ्यात तरुण आमदार कोटाला लाल गुलाब लावून आलेला, म्हणजे विरोधात. आधी विषय बाजूला ठेवायच्या ठरावावर ४८-४८ अशी बरोबरी झाली, मग थेट मतदान, आणि त्याचं नाव पुकारल्यावर हा पटकन 'हो' म्हणून मोकळा! विरोधातला एवढा एक माणूस फिरला आणि सगळंच फिरलं.

खिशात त्याच्या आईचं, फेब बर्न यांचं, सात पानी पत्र होतं. घरचं काय काय लिहिता लिहिता मध्येच, बायकांच्या बाजूने मत दे, चांगला मुलगा हो. मला ते सात पानी घरगुतीपणच फार आवडतं, भाषण नाही काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहात सांगितलं की आईचा सल्ला मुलाने ऐकलेला केव्हाही चांगला. (दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मात्र खरंखुरं मत मिळायला १९६५ उजाडलं, हेही आईला सांगितलं.)

आई बराच वेळ खालच्या खुर्च्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "अगं, पोरगा निवडून आला तेव्हा त्या माउलीला स्वतःला मत होतं का?"

नव्हतं गं आई.