रामलाच्या बाजारात

इस्रायलमधल्या रामला शहराच्या बाजारात मावशींनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि मला म्हणाल्या, "परवा मशिदीत मलिदा आहे, नातवाची बार मित्झ्वा. जेवायलाच ये गं." मी गोंधळले. बार मित्झ्वा म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाल्याचा यहुदी विधी, तो मशिदीत कसा? भाजीवाल्या अरब काकांनीही मान वर केली. सगळ्या मराठीतला 'मशीद' तेवढा एक शब्द त्यांना कळला होता.

मावशी मूळच्या रोह्याच्या, बेने इस्राएल. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या चौदा जणांपासून आपला वंश वाढला, असं हे कोकणी यहुदी सांगत आले. तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. त्यांच्या मराठीत सिनेगॉग म्हणजे मशीदच. मुंबईत 1796 साली उभी राहिलेली त्यांची पहिली मशीद आजही 'जुनी मशीद' आहे.

1962 मध्ये मावशी इस्रायलला आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. पूर्वजांच्या भूमीत आलो म्हणून घरचे हरखले होते. पण लग्नं ठरवायची वेळ आली की 'तुम्ही खरे यहुदी कशावरून?' असं तिथले धर्मगुरू विचारत. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल यरुशलेममध्ये धरणं धरून बसले, त्यात मावशींचे वडीलही होते. तेव्हा कुठे सरकारने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्य केलं. हे सगळं सांगताना मावशी 'आपल्याकडे' म्हणत होत्या, ते मात्र रोह्याला.

काकांना त्यांनी मशिदीची गंमत हिब्रूत सांगितली. ते हसले. मग विचारलं, "तिकडचं घर आहे अजून?"

"निघताना विकलं."

काका म्हणाले, माझ्या आजोबांचं इथेच आहे, तिसऱ्या गल्लीत, दारात डाळिंब. जुलै 1948 मध्ये इस्रायली सैन्याने रामला आणि शेजारचं लोद घेतलं आणि तिथल्या 50 हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना हुसकून लावलं. मोजके मागे राहिले, त्यांत काकांचे वडील. चुलते अम्मानला गेले ते गेलेच. घरात दुसरी माणसं आली.

दोघांचीही घरं सुटली, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. रोह्याच्या घराची किल्ली मावशींच्या वडिलांनी पैसे मोजून घेऊन स्वतःच्या हाताने दिली होती.

परतताना मावशी नेहमीच्या रस्त्याला वळल्या नाहीत. डाळिंबाच्या झाडापाशी थांबल्या. आत कुणीतरी कांदा परतत होतं.

"वीस वर्षं त्याच्याकडून भाजी घेतेय," त्या म्हणाल्या. "कधी विचारलंच नव्हतं गं."