बँकेतली एक सकाळ : ‘कॅश ऑन डिमांड’

महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये एका तिकिटावर दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत बराच काळ टिकून होती. मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणारे कृष्णधवल गुन्हेपट थोडक्या पैशांत आणि थोडक्या दिवसांत पुरे केले जात. चित्रपटगृहांनी ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत असा कायदा असल्यामुळे त्यांना मागणीही कायम असे. त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने १९६१ मध्ये ब्रे स्टुडिओत चित्रित केलेला, क्वेंटिन लॉरेन्स दिग्दर्शित ‘कॅश ऑन डिमांड’ मात्र मला या साऱ्या प्रकारातला सर्वांत सुंदर चित्रपट वाटतो, आणि त्याच्या सौंदर्याचा मोठा वाटा मला त्याच्या तुटपुंज्या साधनांतच दिसतो.

नाताळच्या तोंडावरची सकाळ, एका लहान गावातली बँक, बाहेर बर्फ. शाखेचा व्यवस्थापक फोर्डाईस हा शिस्तीचा इतका कडवा भोक्ता आहे, की पियर्सन नावाच्या जुन्या मुख्य कारकुनाची हिशेबातली एक किरकोळ चूक, तीही दुरुस्त झालेली, तो अफरातफरीच्या पातळीवर नेऊन ठेवतो आणि त्याच्या नोकरीवर गदा आणण्याची भाषा करतो. तेवढ्यात कर्नल गोर हेपबर्न नावाचा एक रुबाबदार गृहस्थ विमा कंपनीचा तपासनीस म्हणून येतो. फोर्डाईसच्या खोलीचे दार बंद झाल्यावर कळते, की तो दरोडेखोर आहे. फोर्डाईसची पत्नी आणि मुलगा आपल्या ताब्यात असल्याचे तो सांगतो, आणि ९३ हजार पौंड निमूटपणे बाहेर न्यायला खुद्द व्यवस्थापकालाच मदत करायला लावतो.

मूळ कथा जॅक गिलीज यांच्या दूरचित्रवाणी नाटकाची. तेही लॉरेन्सनेच दिग्दर्शित केले होते. त्यामुळे चित्रपट जवळजवळ सगळा बँकेच्या चार भिंतींतच घडतो. पाठलाग नाही, गोळीबार नाही. खिडकीबाहेरच्या रस्त्याचा एक तुकडा, गल्ल्याची खोली, व्यवस्थापकाची खोली आणि तळघरातली तिजोरी एवढ्यावर सारे भागवले आहे. घटनांचा काळ आणि आपण पाहत असलेला काळ जवळपास एकच असल्यामुळे भिंतीवरचे घड्याळ आपल्यालाही छळू लागते.

साधने कमी पडली, तिथे नट उभे राहिले. पीटर कुशिंगचा फोर्डाईस सुरुवातीला टेबलावरच्या वस्तूंइतकाच नेटका आणि थंड आहे. पुढे तो घाम पुसतो, आवाज सावरतो, कर्मचाऱ्यांसमोर चेहरा नेहमीसारखा ठेवण्याची पराकाष्ठा करतो, आणि आतापर्यंत नकोसा वाटलेल्या त्या माणसासाठी आपला जीव तुटू लागतो. आंद्रे मोरेलचा हेपबर्न कधीही आवाज चढवत नाही. बँकेतल्या मंडळींशी तो इतक्या आपुलकीने बोलतो, की त्यांना स्वतःच्या साहेबापेक्षा तोच जवळचा वाटावा. वर फोर्डाईसला माणसांशी कसे वागावे याचे धडेही देतो. लुटारूने दिलेले हे धडे खरे आहेत, म्हणूनच ते ऐकवत नाहीत.

या दोघांची जोडी जुनीच. १९५४ मध्ये बीबीसीने सादर केलेल्या ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या नाट्यरूपात कुशिंग विन्स्टन स्मिथ होता आणि त्याला मोडणारा ओब्रायन मोरेलच होता. १९५९ च्या हॅमरपटात ते होम्स आणि वॉटसन झाले. एकाने दबाव टाकायचा आणि दुसऱ्याने आतून ढासळायचे, हा खेळ त्यांच्या किती अंगवळणी पडला होता, ते इथे दिसते.

तरीही चित्रपटाचा कणा मला रिचर्ड व्हर्ननचा पियर्सन वाटतो. सकाळी ज्याच्या पोटावर पाय देण्याची धमकी फोर्डाईसने दिली, त्याच्याच समोर थोड्याच वेळात गयावया करण्याची पाळी फोर्डाईसवर येते. त्या प्रसंगी व्हर्नन सूडाचा लवलेशही चेहऱ्यावर येऊ देत नाही. डिकन्सच्या कथेतल्या, नाताळच्या रात्री भुतांच्या भेटीने पालटणाऱ्या कंजूष स्क्रूजची आठवण इथे होतेच. मात्र इथे भुते नाहीत, माणसालाच माणसाची गरज पडते. शेवटची पोलिसांची धावपळ थोडी घाईने उरकली आहे, हे मान्य करावे लागेल.

अमेरिकेत आधी झळकलेला हा चित्रपट ब्रिटनमध्ये १९६३ च्या अखेरीस, तोही बराच कापून, दाखवला गेला. पाहायचा झाल्यास सुमारे ८० मिनिटांची लांब आवृत्तीच शोधावी, कारण या कथेत ताण हळूहळू साचत जातो आणि कात्रीने नेमका तोच वेळ कमी होतो.