पाळीचा ताप आणि 14 दिवसांच्या गोळ्या

गडचिरोलीतल्या भामरागडहून मी धडधाकट परत आले होते. हे आधी सांगते, कारण माझ्या मलेरियाचा पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. प्रवासात आजारी पडलो नाही म्हणजे सुटलो, असं मी धरून चालले होते.

मी हिंगणघाट तालुक्यातली. बचत गटाच्या बायकांना हिशोब लिहायला शिकवते. ऑगस्टात नऊ दिवसांसाठी भामरागडच्या पुढच्या एका गावात काम निघालं. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि मग जंगलातला रस्ता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, म्हणून निघताना पोहे, मुरमुरे, ओआरएसच्या पुड्या, तापाच्या गोळ्या असं सगळं बांधून घेतलं होतं.

आपल्याकडे बाहेरगावी तब्येत सांभाळायची म्हणजे पाणी सांभाळायचं. ते आम्ही मनापासून सांभाळलं. पुराच्या दिवसांत विहिरीचं पाणीसुद्धा गढूळ येत होतं. रोज रात्री चुलीवर चांगलं खळखळ उकळून, झाकून ठेवायचो. तरी सोबतच्या ताईंना चौथ्या दिवशी जुलाब लागलेच. तेव्हा एक गोष्ट कळली. ओआरएसची मोठी पुडी अख्ख्या एक लिटर पाण्यात टाकायची असते. आम्ही घरी तर सर्रास पेल्यात अर्धी पुडी घोळवून देतो. ते पाणी जास्त खारट होतं आणि फायद्याऐवजी अपायच होतो. तयार केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोटघोट पाजत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई उठून बसल्या.

डासांचं मात्र आम्ही अर्धवटच केलं. तिथल्या आशाताईंनी पहिल्याच दिवशी औषध लावलेली मच्छरदाणी दिली होती. पण बायका रोवणी करून घरी यायच्या संध्याकाळी, त्यामुळे आमची बैठक सातला सुरू व्हायची ती दहापर्यंत. अंगणवाडीच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात, अर्ध्या बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये मी तीन-तीन तास बसायचे. मलेरियाचा डास चावतो तो अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. मच्छरदाणीत शिरायला मला दहा वाजायचे. त्यातही उकाडा व्हायचा म्हणून पाय बाहेर काढून झोपायचे. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली नसेल तर ती असून नसल्यासारखी, हे आशाताई दोनदा सांगून गेल्या होत्या.

घरी येऊन दोन आठवडे झाले. त्या दिवशी दुपारी भाजी निवडत बसले होते आणि पाठीतून हिव चढायला लागलं. दात वाजायला लागले. भर ऑगस्टात दोन गोधड्या आणि वर वाकळ टाकली, तरी खाट हलत होती. तासाभरानं अंग भट्टीसारखं तापलं, मग डोकं ठणकायला लागलं, आणि संध्याकाळी इतका घाम सुटला की लुगडं बदलावं लागलं. दुसऱ्या दिवशी एकदम ठीक. मी धुणंही केलं. तिसऱ्या दिवशी, जवळपास त्याच वेळेला, पुन्हा हिव.

बाजाराच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. रक्ताची एक तपासणी झाली, टायफॉइड सांगितला, चार दिवस सलाईन आणि इंजेक्शनं चालली. पैसे बरेच गेले. तुम्ही कुठे बाहेर जाऊन आलात का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण प्रवास संपून पंधरवडा उलटला होता आणि त्याचा या तापाशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. डास चावल्यापासून ताप यायला दहा-पंधरा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. प्रवासातलं दुखणं घरी येऊन उमटतं.

ओळखलं ते सासूबाईंनी. "काऊन वं, एक दिवस आड येते न हा ताप? हा पाळीचा ताप हाये, मलेरिया. जंगलातून आणला तू. सरकारी दवाखान्यात जाय अन् रक्त दाखव."

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅबवाल्या दादांनी बोटाला सुई टोचली. एकाच काचेवर रक्ताचे दोन ठिपके घेतले, एक जाड ठेवला आणि एक दुसऱ्या काचेनं ओढून पातळ केला. जाड ठिपक्यात जंतू आहे की नाही ते लवकर सापडतं, पातळात तो कोणत्या जातीचा ते कळतं. दुसरा थेंब किटच्या पट्टीवर टाकला, तिथे वीसेक मिनिटांत रेषा उमटली. व्हायवॅक्स, मलेरियाच्या जंतूची एक जात. "ताई, नशीब समजा," दादा म्हणाले, "तिकडे फाल्सिपेरम ही दुसरी जात जास्त. तो मेंदूवर जातो. तो असता आणि अशाच चार दिवस सलाईन घेत बसला असतात तर..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सगळं फुकट झालं, तपासणीही आणि औषधही.

क्लोरोक्विनच्या दहा गोळ्या: पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. कडू जहर. त्यासोबत प्रायमाक्विन, रोज, 14 दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पोळ्याच्या दिवशी सहावा डोस होता. सकाळी उपाशीपोटी घेतला तर पोटात कळ आली. घरात पुरणाचा स्वयंपाक, दुसऱ्या दिवशी लेकराचा तान्हा पोळा, लाकडी नंदीला रंग द्यायचा होता. ताप तर नव्हताच. उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या त्या गेल्याच.

डिसेंबरात कापूस वेचताना शेतातच हिव भरलं. मधल्या काळात मी तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, इथलाच डास चावला असेल.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, 14 दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या होत्या का. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन फक्त रक्तातले मारतं. झोपलेले महिन्यांनी उठतात आणि नवा डास न चावताही ताप पुन्हा येतो. शेतकऱ्याच्या घरची असल्यामुळे मला लगेच उमगलं. हरळी वरून कापली तर शेत दोन दिवस स्वच्छ दिसतं. मुळी खणून काढायला प्रायमाक्विन लागतं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते जास्त लागलं. जंतू अंगात घेऊन मी ताप अंगावर काढत बसले, तर आमच्याच आवारातला डास मला चावून माझ्या लेकराला चावू शकतो.

या वेळी गोळी सुरू करण्याआधी त्यांनी जी-6-पीडीची तपासणी करून घेतली. काही जणांच्या रक्तात हे द्रव्य कमी असतं आणि प्रायमाक्विननं त्यांच्या रक्तपेशी फुटतात. दिवस गेलेत का, तेही विचारलं, कारण गरोदरपणी ही गोळी देत नाहीत. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून तडक यायचं, हे दोनदा बजावलं.

मग मी 14 दिवस मोजले. रोज रात्री भाकरी-वरण खाऊन झाल्यावर दोन लहान गोळ्या. मालकांनी पाकिटावर बॉलपेननं प्रत्येक जोडीखाली तारीख लिहिली होती, लेकरू गोळी काढून द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात थोडं मुरडलं, पण जेवणावर घेतल्यामुळे निभावलं. सातवा ते अकरावा दिवस सगळ्यात अवघड गेले. काही दुखत नाही, काही होत नाही आणि गोळी मात्र घ्यायची. नेमकी तिथेच माणसं सोडतात. रिकामं पाकीट अजून माझ्या हजेरीच्या वहीत आहे.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भामरागड लागलं. जाण्याआधी मॅडमना विचारलं. मुक्काम सहा आठवड्यांच्या आतला म्हणून त्यांनी डॉक्सीसायक्लिन लिहून दिलं: निघायच्या दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे. गरोदर बाई आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून कुणी ऐकून विकत घेऊ नये. बैठकीची वेळ काही बदलता आली नाही, रोवणी सोडून बायका चारला कशा येतील? मी पूर्ण बाह्यांचा कुडता, सलवार, मोजे घातले, उघड्या अंगाला डासांचं मलम लावलं. मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी खोचली आणि पाय आत ठेवले.

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात अंग कसकसलं. मी वाट पाहिली नाही. लॅबच्या दारातूनच म्हटलं, "दादा, भामरागडहून येऊन 19 दिवस झाले." बाकावर टेकायच्या आधी त्यांनी सुई हातात घेतली होती. वीस मिनिटं मी त्या पट्टीकडे बघत बसले. एकच रेषा आली, पट्टी चालते हे दाखवणारी; मलेरियाची नाही. सर्दीचा ताप होता, दोन दिवसांत उतरला.