तुम्ही विचारलंत म्हणून: घाण्याचा बैल

"काका, मुंबईत एवढे रस्ते पडलेत, तुम्ही इथंच काय घाण्याच्या बैलासारखे फिरताय?"

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळताना साधारण दहाव्या फेऱ्याच्या सुमारास हे कुणीतरी विचारतंच. मी "सवय" म्हणून पुढे सटकतो. दम लागलाय अशी सबबही सांगता येत नाही, कारण लाँग रनच्या वेगात अख्खं वाक्य बोलता आलंच पाहिजे, आणि ते विचारणाऱ्यांनाही माहीत असतं. तर एकदाच नीट सांगतो.

आधी हिशोब. माझ्या घड्याळात एक फेरा १.२ किलोमीटरच्या आसपास भरतो. दर फेऱ्याला एक मिनिट चालणं धरून साडेनऊ मिनिटं. वीस फेरे म्हणजे २४ किलोमीटर, तीन तास दहा मिनिटं. सव्वातीन तास झाले की कुठल्याही फेऱ्यात असलो तरी थांबतो. यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: "रेस ४२ ची आणि सराव २४ चाच?" हो, २४ चाच. सरावाच्या तक्त्यात लिहिलेलं ३२ किलोमीटर, किलोमीटरला पाच मिनिटं अशा पेसने पळणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला दोन तास चाळीस मिनिटांत उरकतं. माझ्या आठच्या पेसने तेच सव्वाचार तास चालतं. शरीराला किलोमीटर मोजता येत नाहीत, ते तास मोजतं. शेवटच्या तासात मिळतं थोडं आणि पुढचे दहा दिवस जातात. साठीनंतर सहनशक्ती कमी होते त्यापेक्षा जास्त मंदावते ती भरपाई, म्हणजे थकलेलं अंग सावरणं. म्हणून शनिवारी संध्याकाळी दहा किलोमीटर आणि रविवारी पहाटे, पाय जड असतानाच, हे वीस फेरे. तेही एका रविवाराआड. मधल्या रविवारी चौदा-पंधरा पुरे. मोठ्या रनच्या दुसऱ्या दिवशी काही नाही, मंगळवारी चालणं, बुधवारी हलकं पळणं, गुरुवारच्या आत वेग नाही.

जास्तीत जास्त हार्ट रेट काढायचं २२० वजा वय हे सूत्र माझ्या वयाला आकडा कमी दाखवतं. २०८ वजा वयाच्या सात-दशांश हे बरं. ६६ ला ते १६२ येतं, त्याचे ७० ते ७५ टक्के म्हणजे ११३ ते १२१. पहिले दोन तास मी १२० च्या आत असतो. तिसऱ्या तासात वेग तोच असूनही दमट हवेत आकडा दहा-बाराने चढतो, कारण घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि उरलेलं रक्त कातडी थंड करायला वळतं. त्या वेळी आकडा खाली आणायचा म्हणजे वेग कमी करायचा, उगाच मर्दानगी दाखवायची नाही.

दर पाच फेऱ्यांनी दिशा बदलतो. रस्ता गटाराकडे उतरता असतो. एकाच बाजूने तीन तास पळालं तर एक पाय सतत खाली पडतो आणि कमरेच्या बाहेरच्या बाजूला कळ धरते. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवरून अंधारात पळत नाही. थकल्यावर पाऊल जेमतेम उचललं जातं आणि अर्ध्या इंचाची कड पुरते. गुडघ्यांबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की माझ्या वयात गुडघ्यांआधी पोटऱ्या आणि टाचेची शीर दगा देते. त्यासाठी गुडघे वाकवून टाचा उचलण्याचे पंधराचे तीन सेट, पाठीवर सॅक घेऊन, आठवड्यातून तीनदा.

पण हे सगळं रस्त्यावरही जमलं असतं. पार्क धरलं ते बाटल्यांमुळे.

पाच वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. पार्कातून निघून वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्हच्या टोकाला जाऊन परत, ३२ किलोमीटर. सोबतचे दोघं स्कूटरवरून पाणी पुरवत होते. त्या काळी मी नवख्यांना एक नियम घोकून घ्यायला लावायचो: तहान लागायच्या आधी प्या. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते, हे खरंच आहे. म्हणून दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर, मनात असो नसो. चार तास वीस मिनिटांत ४.४ लिटर प्यालो. बहुतेक साधं पाणी, दोन बाटल्या इलेक्ट्रोलाइटच्या.

पंचविसाव्या किलोमीटरला बोटातली अंगठी रुतायला लागली. घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. उकाड्याने हात सुजतात असं वाटलं. अठ्ठाविसाव्याला डोकं ठणकू लागलं, मळमळलं. सोबत्यांनी, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, पाणी कमी पडलंय म्हणून आणखी अर्धा लिटर पाजलं. ते धरूनच ४.४. पार्काशी पोचल्यावर उलटी झाली, नुसतं पाणी. मग मोबाईलचा आकडा आठवेना. चार आकडे, रोजचे. मी अंगठ्याने स्क्रीनवर चोळत बसलो होतो, असं नंतर कळलं.

दवाखान्यात पहिला विचार साध्या सलाईनचाच झाला, कारण मॅरेथॉनवाला, उलट्या, चक्कर, म्हणजे पाणी आटलेलं. एका तरुण डॉक्टरने अंगठीकडे पाहिलं आणि काट्यावर उभं केलं. निघताना घरी ६१.२, आता ६२.१, दोन्ही वेळा बूट घालून. ओल्या कपड्यांचे दोन-तीनशे ग्रॅम सोडा. चार तास पळून माणसाचं वजन वाढलं होतं. रक्तातलं सोडियम (लिटरला मिलिमोलमध्ये) १२६ आलं, असायला हवं १३५ ते १४५. मग तीन टक्क्यांचं, म्हणजे दाट, सलाईन १०० मिली दहा मिनिटांत दिलं, परत तपासून पुन्हा एकदा. साध्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. मूत्रपिंडं पाणी धरून बसलेली असताना ते मीठ लघवीतून निघून जातं आणि पाणी मागे उरतं, म्हणून अशा वेळी ते उलटूही शकतं. सोडियम उतरलं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. बोटं सुजली तर अंगठी कापता येते, कवटीला तशी सोय नाही.

"पाणी जास्त झालं," असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो. निघायच्या आधी साडेतीनला मी आयब्युप्रोफेनची ४०० ची गोळी घेतली होती, पोटरीसाठी. विसाव्या किलोमीटरला दुसरी, स्कूटरवाल्यांकडे पाठ करून. शिवाय रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं, लघवीवाटे मीठ घालवणारं. पळण्याच्या ताणाने शरीर आधीच पाणी धरून ठेवण्याचं संप्रेरक सोडत असतं, वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाचं जास्तीचं पाणी बाहेर टाकणं आणखी रोखते, आणि साठीत मूत्रपिंडाची ती ताकद मुळातच कमी. अशा शरीरात मी तासाला लिटरभर ओतत होतो. लांब पळण्याआधी गोळी घेऊ नका, हे मी स्वतः इतरांना सांगायचो. माझी पोटरी वेगळी, असं वाटलं असावं.

मी एकटाच मूर्ख नव्हतो, हे थोडं स्वतःच्या बचावासाठी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं. धोका कुणाला? पळताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांना. म्हणजे जोरात पळणाऱ्यांना नव्हे, आमच्यासारख्यांना: घाम बेताचा, वेळ भरपूर, आणि प्रत्येक स्टॉलवर "काका, पाणी घ्या" म्हणणारी गोड पोरं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उद्यान गणेशाच्या बाजूला कट्ट्यावर माझ्या पिशवीत अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या असतात. तीन तासांना दीड लिटर, बस. एका बाटलीत साधं पाणी. दोन बाटल्यांत मिळून ओआरएसचं एक लिटर, सरकारी मापाचं: पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, वर पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. त्यात लिटरला ७५ सोडियम येतं. बाजारातल्या गोड स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण २० असतं. रक्तात १४० च्या आसपास, म्हणजे ओआरएससुद्धा रक्तापेक्षा पातळच. हे लक्षात घ्या: इलेक्ट्रोलाइट घालून अति प्यालं तरी सोडियम उतरतंच, फक्त जरा सावकाश. ओआरएसमध्ये साखर कमी, म्हणून दर पाऊण तासाला अर्धं केळं आणि दोन खजूर, तासाला साधारण तीस ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. दर फेऱ्याला बाटली समोर येते आणि किती उरली ते दिसतं. बरोबर कुणी पाजणारं नसतं. पळण्याआधी आणि नंतर टॉवेलने पुसून, उघड्या अंगाने वजन करतो. घटलेलं वजन अधिक प्यालेलं पाणी, वजा लघवी, भागिले तास, हा घामाचा वेग. माझा ताशी साधारण ८०० मिली. वजन एक ते दीड किलोने घटलेलं असणं चांगलं, जराही वाढलेलं नको. गोळी नाही. रक्तदाबाचं औषध डॉक्टरांना विचारून बदललं. ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नसतं.

फेऱ्यांवर हसणाऱ्यांसाठी एक नाव ठेवतो. कॅनडातले एड व्हिटलॉक घराजवळच्या कब्रस्तानात छोट्याशा वाटेवर गोल गोल पळायचे, तीन-तीन तास, फेरे न मोजता. २००४ मध्ये टोरंटोला ७३ व्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. तो वेग माझा नाही, होणारही नाही, पण गोल फिरण्यात कमीपणा नाही एवढं तरी मान्य करा.

तुमचंही थोडं मान्य करतो. पार्क सपाट आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा हे वीस फेरे काही कामाचे नसतात, तिथं दरवर्षी चालतो. मधल्या रविवारी चढावर जावं असं ठरवतो आणि अर्धे रविवार जात नाही. भीती आहे, आळसही आहे. किती कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही.

आणि तहानेचंही कोडं सुटलेलं नाही. जाणकार आता सांगतात, तहान लागेल तेवढंच प्या. पण तहान उशिरा कळणाऱ्या माणसाने काय करायचं? जुना मी म्हणतो, बघ, माझा नियम अगदीच खोटा नव्हता. त्याला गप्प करण्यासाठी मी वरची मर्यादा घातली, तर गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन बाटल्यांवर वजन १.९ किलोने घटलं. तीन टक्के. शेवटचे चार फेरे पोटऱ्या आखडल्या आणि दुपारभर डोकं दुखलं, या वेळी उलट कारणाने.

येत्या रविवारी पिशवीत चौथी बाटली असेल. अर्धीच भरलेली.