आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या दुकानातून स्विमिंग पूलच्या पॅनेलपर्यंत

साताऱ्यातलं आमचं दुकान मूळचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं. वडिलांच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन येणारा शेतकरी. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात हाताला काम नाही, असा तो धंदा. पुढं पाचगणी, वाई आणि कासच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले उठले. बंगल्यांत पूल आले आणि पूलचे जळके पंप आमच्या बाकावर यायला लागले. पंप परत बसवायला गेलं की तिथलं वायरिंग बघून डोक्याला हात लावायची वेळ यायची. त्या वायरिंगनेच आम्हाला नवा धंदा दिला.

मग सॉल्ट क्लोरिनेटरची, म्हणजे पूलच्या पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या मशिनची, कामं सुरू झाली. मालक हौसेने सांगतात, ‘आमच्या पूलला क्लोरीन लागत नाही, मिठाचं पाणी आहे.’ क्लोरीन तेच असतं, फक्त डब्यातून न येता जागेवर तयार होतं. लिटरमागे साधारण 3 ते 4 ग्रॅम मीठ असलेलं पाणी सेलमधून, म्हणजे टायटॅनियमच्या प्लेटांच्या संचातून जातं, प्लेटांना डीसी करंट दिला की मिठातून क्लोरीन सुटतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, त्यामुळे हे पाणी जिभेला जेमतेम खारट लागतं. तरी 50,000 लिटरच्या पूलला पहिल्या भरणीला पावणेदोनशे किलो मीठ जातं, तेही बिनआयोडीनचं.

मशिन बसवायला अर्धा दिवस पुरतो. वेळ जातो तो वायरिंगला. प्लेटांवर क्लोरीनबरोबर हायड्रोजनही सुटतो. पाणी वाहतं असेल तर तो निघून जातो. पण पंप बंद आणि सेल चालू राहिला, तर गॅस पाइपात साठतो आणि सेलचं घर फुटू शकतं. म्हणून क्लोरिनेटरची लाइन आम्ही पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या नंतरच घेतो. पंप पडला की सेल पडलाच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी मशिन जवळच्या प्लगला जोडून सगळी भिस्त पाणी थांबलं की मशिन बंद करणाऱ्या फ्लो स्विचवर ठेवलेली दिसते. फ्लो स्विचची पट्टी कचऱ्याने अडकते हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं, तरीही!

सेलकडे जाणाऱ्या डीसी केबलला व्होल्ट कमी, अँपिअर जास्त. केबलच्या टोकाचा लग ढिला राहिला की तो तापतो, काळा पडतो. त्यामुळे केबल जाड आणि अंतर कमी. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय, आम्ही लाइन चालू करत नाही. शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी, सगळा धातू तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून अर्थिंगला नेतो. ‘पाण्यातून शिडीला हात लावला की मुंग्या येतात’ असा फोन आला की तिथं ही तार नसणार, हे निघायच्या आधीच कळतं.

पंपाच्या खोलीत ॲसिडचे कॅनही ठेवू देत नाही. झाकण घट्ट असलं तरी वाफ निघतेच. एका बंगल्यावर विजेचं पॅनेल उघडलं तर टर्मिनल हिरवीगार, स्क्रूला पाना लावला की त्याचा भुगा. मालक म्हणाले, मशिन खराब निघालं. मशिन बिचारं धडधाकट होतं.

देखभालीत खरी गाठ असते ती बंगला सांभाळणाऱ्या मामांशी. डिसेंबर-जानेवारीत पाचगणीहून हमखास फोन येतो, “दादा, मशिन मीठ कमी हाय म्हणतंय. पोतं वतू का?”

“थांबा मामा. पाणी किती गार आहे?”

“लई गार. पाय ठेववत न्हाई.”

गार पाण्यातून करंट कमी जातो, म्हणून मशिनला मीठ कमी वाटतं. प्लेटांवर क्षार बसला तरी तेच. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, प्लेटांवर पांढरा थर लवकर धरतो. त्यात हे मशिन पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) वर नेतं, तो ॲसिडने खाली आणला नाही तर थर आणखी वाढतो. सेल सोडवून पातळ ॲसिडमध्ये फेस थांबेपर्यंत ठेवायचा. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की प्लेटांवरचा मूळचा लेप निघतो आणि नवा सेल घ्यावा लागतो. नीट सांभाळला तर सेल तीन ते पाच वर्षं काढतो.

पावसाळ्यात मात्र मीठ खरंच कमी होतं. घाटमाथ्याचा पाऊस पूल भरून वाहवतो, मीठ ओढ्याला जातं. म्हणून नव्या मिठाची भरणी आम्ही दसऱ्यानंतरच करतो.

आता पॅनेल दुकानातच तयार करून, तपासून नेतो. रिवाइंडिंगचं बाक अजून आहे, धाकटा भाऊ बघतो. माझ्याकडची पोरं आयटीआयची, हात चांगला आहे. वर्षाच्या देखभाल कराराला एकच अट घालतो, आधी अर्थिंग तपासू द्यायचं. त्यावर घासाघीस करणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.